रोग जिवाणूंचा, राखणही जिवाणूंचीच

माशांच्या खाद्याच्या पोत्यावर हल्ली एक नवी ओळ वाचायला मिळते: 'एका ग्रॅममध्ये अमुक कोटी जिवंत जिवाणू'. मत्स्यशेतीशी संबंध नसलेला माणूस ती वाचून चक्रावतो. तळ्यातले मासे मरतात ते जिवाणूंमुळेच ना? मग वर आणखी जिवाणू विकत घेऊन खायला घालायचे? कुणीतरी जाणकार लगेच सांगतो, "काट्याने काटा काढायचा." म्हण चांगली आहे, पण इथे ती दिशाभूल करते. काटा रुतल्यावर काढतात. हे जिवाणू काटा रुतू नये म्हणून असतात. रुतल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. एवढा फरक नीट कळला तरी पोत्यावरची निम्मी जाहिरात वाचायची गरज उरत नाही.

## मासा रोगजंतूंमध्येच पोहत असतो

गोठ्यातलं एखादं जनावर आजारी पडलं तर ते वेगळं बांधता येतं. माशाच्या बाबतीत ही सोय नाही. ज्या पाण्यात तो श्वास घेतो, खातो आणि विष्ठा टाकतो, त्याच पाण्यात रोगजंतूही राहतात. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू घ्या. गोड्या पाण्यात तो जवळपास सगळीकडे सापडतो. त्याला कुणी आणावं लागत नाही, तळं भरलं की तो आलाच. धडधाकट माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, शाबूत खवले आणि आतड्याचं अस्तर यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

चालतं कधी? जाळं ओढताना खवले निघाले. मासे दाटीने सोडले. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया वाढला. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन खाली गेला आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. असं काही दिवस चाललं की हा निरुपद्रवी शेजारी दरोडेखोर होतो. पोटावर लाल चट्टे, परांच्या मुळाशी साकळलेलं रक्त, कुठे फुगलेलं पोट, कुठे अंगावर व्रण, आणि मग मरतूक.

सगळेच रोगजंतू असे संधिसाधू नसतात. एडवर्डसिएला इक्टालुरी हा जिवाणू कॅटफिशचा, म्हणजे मिशा असलेल्या माशाचा, खास वैरी. त्याने होणाऱ्या रोगाचं पहिलं वर्णन 1979 साली अमेरिकेत झालं. पाणी 22 ते 28 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं की तो जोरात असतो. आतड्यातून तर तो शिरतोच, शिवाय नाकातूनही शिरतो आणि वासाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदू गाठतो. असा मासा डोकं वर, शेपूट खाली करून पाण्यात उभा तरंगतो आणि मध्येच गरगर फिरतो. रोग रेंगाळला तर दोन डोळ्यांच्या मधोमध, कवटीवरची कातडी झिजून भोक पडतं. एकदा पाहिलेला असा मासा विसरला जात नाही.

हे सगळं आता मोठ्या प्रमाणावर घडतं आहे, कारण मासे पकडण्यापेक्षा ते पाळणं वाढलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 साली मत्स्यशेतीतून 9.44 कोटी टन जलचर निघाले, आणि हा आकडा इतिहासात पहिल्यांदाच नैसर्गिक पाण्यातून पकडलेल्या जलचरांच्या पुढे गेला.

## औषध खाद्यात, आणि आजारी मासा उपाशी

जिवाणूंवरचं औषध म्हणजे प्रतिजैविक, अर्थात अँटिबायोटिक. तळ्यातल्या हजारो माशांना एकेक करून सुई टोचणं शक्य नसतं, म्हणून ते खाद्यात मिसळतात. इथेच गोम आहे. आजारी माशाची भूक आधी मरते. मग औषधाची गोळी कोण खातं? जो अजून बरा आहे तो. उरलेली पाण्यात विरघळते, तळाच्या गाळात बसते. खाल्लेल्या औषधाचाही काही भाग विष्ठेतून तसाच बाहेर पडतो.

गाळातल्या जिवाणूंना मग रोज थोडं-थोडं औषध चाखायला मिळतं. मरण्याइतकं नाही, पण सवय व्हायला पुरेसं. जे टिकतात त्यांची पिलावळ वाढते. त्यात जिवाणूंची एक खोड अशी की औषधाला दाद न देण्याची 'चिठ्ठी' ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. ही चिठ्ठी म्हणजे प्लाझ्मिड, डीएनएचं एक छोटं, सुटं कडं. आज ती माशाच्या रोगजंतूकडे असली तरी उद्या माणसाच्या रोगजंतूकडे जाणार नाही, याची हमी कुणी देत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 साली जगभरात सुमारे 12.7 लाख माणसं दगावली, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. याचं सगळं खापर मत्स्यशेतीवर फोडणं चुकीचं होईल. माणसांनी स्वतःसाठी आणि जनावरांसाठी वापरलेली प्रतिजैविकं यात मोठी भागीदार आहेत. पण तळ्यातही तेच सुरू आहे, हे खरं.

एक गंमत सांगायलाच हवी. माशांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी एक म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन. 1950 साली ते जगापुढे आलं, आणि ते सापडलं होतं मातीतल्या एका जिवाणूत. त्याचं व्यापारी नावही 'टेरा', म्हणजे जमीन, या लॅटिन शब्दावरून ठेवलेलं होतं. म्हणजे मातीतल्या जिवाणूंची मदत आपण आधीपासूनच घेत आहोत. इतके दिवस त्यांची तलवार काढून आणली, आता तलवारीसकट शिपाईच आणायचं चाललं आहे.

## मातीतला हा गडी कोण?

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात. त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे बॅसिलस, आणि त्यातही बॅसिलस सबटिलिस व त्याचे जवळचे भाऊबंद. 1835 मध्ये एरेनबर्ग यांनी त्याचं वर्णन केलं, 1872 मध्ये फर्डिनांड कोन यांनी त्याला आजचं नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो काडीसारखा दिसतो. वाळलेल्या गवतावर हटकून सापडतो, म्हणून त्याला गवताचा जिवाणू असंही म्हणत.

त्याची खरी करामत दुष्काळात दिसते. अन्न संपलं की तो स्वतःच्या आत एक टणक कोठी बांधतो, आपला डीएनए तिच्यात ठेवतो, आतलं पाणी जवळपास काढून टाकतो आणि झोपी जातो. या कोठीला बीजाणू म्हणतात. कणगीत ठेवलेल्या बियाण्यासारखं हे समजा: श्वास घेताना दिसत नाही, पण मेलेलंही नाही. ओल आणि अन्न मिळालं की काही मिनिटांत जागं होतं. बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांना खात्रीने मारायचं तर दाबाखालच्या वाफेत 121 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवावं लागतं.

माशांच्या खाद्याच्या दृष्टीने हा गुण लाखमोलाचा आहे. खाद्याच्या गोळ्या यंत्रात वाफ आणि दाब देऊन तयार होतात, पोती महिनोन्महिने गोदामात पडून राहतात. बहुतेक जिवाणू या वाटेतच संपतात. बीजाणू टिकतात, आणि माशाच्या आतड्यात पोचल्यावर तिथल्या अन्नरसाच्या स्पर्शाने जागे होतात.

## जागा झाल्यावर तो करतो काय?

पहिलं काम अगदी साधं: जागा आणि अन्न अडवणं. दाट उगवलेल्या पिकात तणाला डोकं वर काढायला ऊन मिळत नाही, तसंच. लोहावरची झटापट त्यातलीच. जिवाणूंना लोह लागतं आणि शरीरात मोकळं लोह जवळपास नसतंच. बॅसिलस लोह पकडणारे रेणू सोडून मिळेल तो कण ओढून घेतो.

दुसरं काम म्हणजे रासायनिक मारा. बॅसिलस एक नव्हे, अनेक पदार्थ सोडतो. काही साबणासारखे असतात आणि शत्रूच्या पेशीच्या वेष्टणाला भोकं पाडतात, काही शत्रूचा आतला कारखाना बंद पाडतात. सर्फॅक्टिन, डिफिसिडिन ही त्यांतली नावं. लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही.

तिसरं काम मला सगळ्यात चतुर वाटतं. रोगजंतू लगेच हल्ला करत नाहीत. चार-दोन असताना विष सोडलं तर माशाची प्रतिकारशक्ती सावध होईल आणि तेच मरतील. म्हणून प्रत्येक जण एक सूक्ष्म रेणू बाहेर सोडत राहतो. संख्या वाढली की परिसरात हे रेणू साचतात, आणि ठरावीक पातळी गाठली की सगळे एकदम विषं आणि शस्त्रं बाहेर काढतात. थोडक्यात, सभेची गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव मंजूर होत नाही. एरोमोनास हायड्रोफिलाची हजेरीही अशाच रेणूंवर चालते. 2000 साली मातीतल्याच एका बॅसिलसमध्ये हे हजेरीचे रेणू तोडणारा विकर, म्हणजे एन्झाइम, सापडला. मुळात तो वनस्पतींच्या सड रोगाच्या अभ्यासातून हाती लागला. पण तत्त्व तेच: सभासद हजर आहेत, हजेरीपत्रक मात्र कुणीतरी फाडून टाकतं. सभा भरतच नाही. इथे रोगजंतूला मारायची गरजही पडत नाही.

याखेरीज बीजाणू आणि जागे झालेले जिवाणू आतड्याच्या अस्तराला थोडं डिवचत राहतात, त्यामुळे माशाची जन्मजात प्रतिकारशक्ती सावध राहते. काही वाण पचनाला मदत करणारे विकरही सोडतात, त्याचा फायदा वेगळाच.

## बशीत जिंकला म्हणून माशात जिंकेल का?

वर 'वाण' हा शब्द आला. तोच या लेखाचा कणा आहे. भात म्हटलं की सगळं भात एक नसतं. एक वाण पाण्यात उभा राहतो, दुसरा आडवा होतो. बॅसिलस सबटिलिसचंही तसंच. नाव एक, वाण शेकडो, आणि गुण वेगवेगळे.

योग्य वाण शोधायची पहिली पायरी डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या बशीत पोषक जेली ओततात, तिच्यावर रोगजंतू पसरवतात आणि मधे बॅसिलसचा एक ठिपका ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीभर रोगजंतूंची धुरकट साय आलेली असते, फक्त ठिपक्याभोवती एक स्वच्छ कडं उरतं. कडं जितकं रुंद, तितका मारा जोरदार. जाहिरातींत हाच फोटो छापतात, कारण तो दिसायला झकास असतो.

पण पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांच्या 2012 मधल्या कामातून पाहण्यासारखं आहे. माती आणि कॅटफिशची आतडी यांतून मिळवलेले बॅसिलसचे वाण त्यांनी आधी बशीत तपासले. निवडक 21 वाण पुढे आले. मग प्रश्न बदलला: हे माशाच्या आतड्यात टिकतात का? सात दिवस बीजाणू मिसळलेलं खाद्य दिलं, तीन दिवस साधं दिलं, आणि आतड्यात किती उरले ते मोजलं. मारा आणि टिकाव असे दोन्ही गुण असलेले पाचच उरले. या पाचांचे बीजाणू ग्रॅममागे 8 कोटी या प्रमाणात खाद्यात घालून 14 दिवस माशांना दिले आणि मग मुद्दाम एडवर्डसिएला इक्टालुरीचा संसर्ग केला. मरतूक ठळकपणे कमी झाली ती दोन वाणांमुळे.

21, मग 5, मग 2. म्हणजे बशीतल्या विजेत्यांपैकी बहुतेकांना माशाच्या पोटात पदक मिळालं नाही. व्हिएतनाममध्ये पट्टेदार कॅटफिशवर त्या पाचांपैकी चार वाणांची चाचणी झाली, तिथेही संरक्षण दिसलं. आणखी एक बारकावा: बीजाणू आधी चौदा दिवस दिले आणि संसर्ग नंतर केला. राखणदार चोरीच्या आधी नेमला होता.

## मग भुकटी पाण्यात का ओतायची नाही?

बरेच जण ओततात. पण साधा हिशोब करून पाहू. एक एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. दीड मीटर खोलीचं तळं धरलं तर पाणी 6,000 घनमीटर, म्हणजे 60 लाख लिटर. ग्रॅममागे 100 कोटी बीजाणू असलेली एक किलो भुकटी त्यात टाकली, तर दर मिलिलिटर पाण्यात येतात जेमतेम 170 बीजाणू. तळ्याच्या त्याच मिलिलिटरभर पाण्यात आधीपासून दहा लाखांच्या घरात जिवाणू असतात. जत्रेत एक शिपाई उभा केल्यासारखं आहे हे. खाद्यातून दिलेले कोट्यवधी बीजाणू मात्र जिथे लढाई व्हायची त्या आतड्यातच उतरतात.

पाण्यात सोडलेले बॅसिलस तळाचा सेंद्रिय गाळ कुजवायला हातभार लावतात, हा दावा वेगळा आहे आणि त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. पण ते करताना ते ऑक्सिजनही खातात. ढगाळ दिवशी, आधीच दमलेल्या तळ्यात भरमसाट माल ओतला तर पहाटे मासे वर येतील.

आणि थेट बांधावरची मातीच टाकली तर? मातीत हवा तो वाण पुरेशा संख्येने असेलच असं नाही, नको ते सोबती मात्र खात्रीने असतील.

## हे जिवाणूच उलटले तर?

ही शंका रास्त आहे. बॅसिलसच्या कुळात सबटिलिस सालस असला, तरी बॅसिलस सिरियस अन्नातून विषबाधा करतो आणि बॅसिलस अँथ्रासिस काळपुळी आणतो. म्हणून कुळाचं नाव सांगून भागत नाही.

याचा एक धडा फार जुना नाही. माशांवर बॅसिलसचा पहिला गाजलेला वापर 1986 चा, जपानमधल्या येलोटेल माशांवर बॅसिलस टोयोईचे बीजाणू देऊन केलेला. जनावरांच्या खाद्यातही हा जिवाणू वर्षानुवर्षं वापरात होता. पुढे तो सिरियसच्या गटातला निघाला, शिवाय टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं त्याच्याकडे असल्याचं दिसलं. युरोपीय संघाने 2013 मध्ये खाद्यातली त्याची परवानगी स्थगित केली आणि 2015 मध्ये नाकारली. प्रतिजैविकांना पर्याय म्हणून आणलेला जिवाणूच प्रतिकाराची चिठ्ठी खिशात घेऊन फिरत होता!

म्हणून आता वाण निवडताना त्याचा पूर्ण डीएनए वाचतात, विषाची जनुकं शोधतात, प्लाझ्मिड आहे का पाहतात आणि महत्त्वाची प्रतिजैविकं त्याच्यावर चालतात ना हे तपासतात. ऑबर्नच्या कामातही निवडलेल्या वाणांची प्लाझ्मिड आणि औषध-प्रतिकार यांसाठी तपासणी झाली होती. असा तपासलेला सबटिलिस मासा खाणाऱ्यालाही नवा नाही. धूळ, माती, भाजीपाला यांतून तो आपल्या पोटात रोज जातच असतो.

## रोगजंतू यालाही सरावणार नाहीत का?

सरावू शकतात. जिवाणूंच्या जगात 'कधीच नाही' असं काही नसतं. पण एका औषधाला चुकवायला बरेचदा एकच बदल पुरतो. इथे जागा, लोह, चार-पाच रसायनं आणि फाटलेलं हजेरीपत्रक, या सगळ्यांना एकाच वेळी चुकवायचं आहे. ते बरंच अवघड.

## यापेक्षा लस बरी नाही का?

जिथे आहे तिथे बरीच बरी. नॉर्वेत 1987 साली सामन माशांच्या शेतीत सुमारे 50 टन प्रतिजैविकं खर्ची पडली होती. परिणामकारक लशी आल्यावर 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा वापर एक-दोन टनांच्या आसपास आला, आणि त्या काळात उत्पादन वाढतच होतं. पण सामन महागडा मासा, एकेकाला सुई टोचणं तिथे परवडतं. स्वस्त माशांच्या लाखो पिल्लांना टोचत बसणं परवडत नाही, आणि प्रत्येक रोगावर लस उपलब्धही नाही. शिवाय लस नेमक्या एका रोगजंतूची ओळख करून देते. बॅसिलसचा पहारा ढोबळ असतो, पण अनेकांवर असतो. दोन्ही एकत्र वापरायला हरकत काहीच नाही.

## पोत्यावर काय पाहायचं?

वाणाचा क्रमांक. नुसतं 'बॅसिलस सबटिलिस' लिहिलं असेल तर ते 'भात' लिहिल्यासारखं आहे. ग्रॅममागची संख्या आणि ती मुदत संपेपर्यंतची हमी आहे की कारखान्यातून निघतानाची, हेही पाहा. त्या वाणाची चाचणी कोणत्या माशावर, कोणत्या रोगासाठी झाली हे विक्रेत्याला विचारा. उत्तर देताना तो बशीचाच फोटो दाखवू लागला तर काय समजायचं ते समजा. 'बारा प्रकारचे जिवाणू एकत्र' हे वाचून हुरळून जाऊ नका. ते आपापसातही भांडू शकतात.

देणं थांबवलं की काही दिवसांत हे जिवाणू आतड्यातून वाहून जातात, तिथे ते कायमचं बिऱ्हाड करत नाहीत. त्यामुळे धोक्याच्या हंगामाआधी सुरू करून हंगामभर चालू ठेवावं लागतं. प्रतिजैविक चालू असताना दिलं तर जागे झालेले जिवाणू त्याच औषधाने मरतात, दोन्हींचा खर्च मात्र होतो.

## आणि मासे मरायला लागलेच असतील तर?

तेव्हा या पोत्याकडे धावू नका. आजारी मासा खात नाही, ही अडचण औषधाला जशी आहे तशीच याही खाद्याला आहे. खाद्य कमी करा किंवा थांबवा, एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू ठेवा, मेलेले मासे रोज काढा. तपासणीसाठी नमुना न्यायचा तर नुकतीच लक्षणं दिसलेला, शक्यतो जिवंत मासा न्या. मेलेलाच न्यावा लागला तर अगदी ताजा, पिशवीत घालून बर्फावर. फुगून वर आलेल्या माशात एव्हाना सगळ्या तळ्याचे जिवाणू शिरलेले असतात. त्यातला खुनी कोणता, हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.